अ‍ॅटोआय शून्य देत नाही तोवर आकडा बरोबर?

सीरियल पोर्टवरून अक्षरांच्या रूपात आलेला आकडा अ‍ॅटोआयला (अक्षरांचा पूर्णांक करणारं सी भाषेतलं फंक्शन) द्यायचा, चुकीचा असेल तर शून्य मिळेल, हा समज बराच जुना आहे. तो अर्धाच खरा. सुरुवातीच्या मोकळ्या जागा आणि + किंवा − चिन्ह सोडून पहिलंच अक्षर अंक नसेल तर शून्य मिळतं. पण खरोखरचा ० आला तरी शून्यच. आणि '१२क्ष५' आलं, तर अ‍ॅटोआय निमूटपणे १२ देतं. आकडा इंटमध्ये (सीच्या पूर्णांक प्रकारात) मावला नाही तर काय होईल, हे सी भाषेचं मानक सांगतच नाही. ८ बिटच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर इंट १६ बिटचा, कमाल ३२७६७. तिथे ४०००० चे बहुधा −२५५३६ होतात.

त्याऐवजी स्ट्रटोल वापरा; तेही अक्षरांचा आकडा करतं, पण लाँग प्रकारात, आणि चूक कळू देतं. आधी एर्नो (कोणती चूक झाली ते सांगणारा व्हेरिएबल) शून्य करा, संख्यापद्धतीचा पाया १० द्या (० दिलात तर '०१०' अष्टमान धरलं जाऊन त्याचे ८ होतात). नंतर तीन गोष्टी पाहा: शेवटचा पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) सुरुवातीपासून हललाय का, तो शून्य-बाइटवर (मजकूर संपल्याची खूण) थांबलाय का, एर्नोमध्ये ईरेंज (आकडा मावला नाही) तर नाही ना. लाँगमधून इंटमध्ये टाकण्याआधी मर्यादा तपासायची ती वेगळीच.

पण खरी गडबड बहुतेकदा त्याआधीच होते. ९६०० बॉडला (सीरियलचा वेग) एक बाइट यायला सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे 'आलंय तेवढं वाच' म्हटलं की १०२३ चे १० आणि २३ असे तुकडे पडतात. मध्ये डिले, म्हणजे थोडा थांबा, टाकणं हा उपाय नव्हे. न्यूलाइन (ओळ संपल्याचं अक्षर) येईपर्यंत बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवा, कॅरेज रिटर्न (न्यूलाइनआधी येऊ शकणारं अक्षर) गाळा, शेवटी शून्य-बाइट लावा. १६ बाइटच्या बफरात अक्षरं १५च. ओळ त्याहून लांब निघाली तर पुढच्या न्यूलाइनपर्यंत सगळी फेकून द्या, कापलेला आकडा वापरू नका.