फुकुशिमा : ‘कुणाच्या ध्यानीमनी नसलेली’ लाट?

११ मार्च २०११ ला भूकंपानंतरच्या त्सुनामीमुळे जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात झालेल्या दुर्घटनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘एवढी मोठी त्सुनामी येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, कंपनी तरी काय करणार?’ प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीनेही सुरुवातीला ‘सोतेइगाई’, म्हणजे कल्पनेपलीकडचं, हाच शब्द धरून ठेवला होता.

पण २००८ सालीच कंपनीच्या अंतर्गत हिशेबात या प्रकल्पावर १५.७ मीटरपर्यंत पाणी चढू शकतं, असा आकडा निघाला होता. सरकारी भूकंपतज्ज्ञांच्या २००२ च्या अंदाजावर तो बेतलेला होता. प्रकल्पाची तयारी मात्र जेमतेम ६ मीटरच्या लाटेची. आकडा समोर आल्यावर भिंत उभी राहिली नाही. आणखी अभ्यास करू, असं ठरलं. (कागद पुढे सरकवण्याची ही कला सगळीकडे सारखीच!) आणि भूकंपकेंद्राच्या जास्त जवळ असलेला, दुसऱ्या कंपनीचा ओनागावा प्रकल्प? तो आधीपासूनच सुमारे १४.८ मीटर उंचीवर बांधलेला होता, म्हणून तगला.

२०१२ मध्ये संसदेच्या चौकशी आयोगाने ही दुर्घटना ‘मानवनिर्मित’ ठरवली आणि कंपनीसोबत नियामक व सरकारलाही धारेवर धरलं.

मग शिक्षा कुणाला? फौजदारी खटल्यात माजी अधिकारी निर्दोष सुटले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. भरपाईची जबाबदारी मात्र वेगळी. जपानच्या १९६१ च्या कायद्यानुसार चूक सिद्ध न होताही प्रकल्पचालकाला ती उचलावी लागते. असाधारण नैसर्गिक आपत्तीसाठी त्यात सूट आहे, पण ती टेप्कोला मिळाली नाही.