पंपावरची बायपास आणि ‘बीटिंग हार्ट’: भूल कुठे वेगळी पडते?

‘बीटिंग हार्ट करणार आहेत, म्हणजे भूल हलकीच ना?’ असं नातेवाईक विचारतात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. बीटिंग हार्ट म्हणजे हृदय न थांबवता केलेली बायपास; पण हृदय चालू म्हणजे माणूस अर्धा जागा, असा काहीतरी हिशेब मनात असतो. प्रत्यक्षात पंपावरची असो वा बीटिंग हार्ट, दोन्हींत पूर्णच भूल देतात. मनगटातल्या धमनीत आणि मानेतल्या शिरेत नळ्या, घशात श्वासाची नळी, फेंटानिलसारखं वेदनाशामक हेही दोन्हीकडे सारखंच. छातीचं हाडही बहुधा दोन्हींत उघडतात. (पाठीत एपिड्युरल, म्हणजे कण्याजवळ बधिर करणारं औषध देऊन, रुग्णाला जागं ठेवून बायपास झालेल्या आहेत, पण तो अपवाद.)

फरक पडतो तो रक्तदाब कोण सांभाळतं यात.

पंप म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र. पंपावर हृदय पोटॅशियमयुक्त द्रावणाने थांबवतात आणि रक्त यंत्रातून फिरतं. ते यंत्रात गोठू नये म्हणून हेपरिन भरपूर लागतं, वजनाच्या दर किलोला साधारण 300 ते 400 युनिट. फुफ्फुसांना काम नसतं, त्यामुळे व्हेंटिलेटर थांबवतात आणि भुलीचा वायू यंत्राच्या ऑक्सिजनेटरमधूनच (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून) देतात. यंत्र चालवणारा पर्फ्युजनिस्ट वेगळा. मॉनिटरवर ईसीजीची रेघ सपाट, तरी सगळे निवांत! भूलतज्ज्ञाची कसोटी पंपावरून उतरताना लागते. पंपावर थंड केलेलं रक्त पुन्हा गरम होताना भूल उथळ होऊ शकते, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. मग फुफ्फुसं फुगवायची, हृदय जोर धरतंय का ते पाहायचं, आणि हेपरिन उतरवणारं प्रोटामिन अगदी हळू सोडायचं. घाई केली तर रक्तदाब कोसळतो.

चालत्या हृदयावर असा निवांतपणा नाही. हृदयाच्या मागच्या बाजूची रक्तवाहिनी गाठायला सर्जन ते उचलून धरतात आणि रक्तदाब तिथल्या तिथे घसरतो. मग टेबलाचं डोकं खाली, सलाईन, रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन. तरीही सावरलं नाही, तर ‘सर, जरा खाली ठेवा’ म्हणायची हिंमत भूलतज्ज्ञात असावी लागते. माझ्या मते निम्मं कौशल्य त्यातच आहे. रक्त गरम ठेवायलाही पंप नसतो, म्हणून थिएटरचा एसी कमी करतात आणि सर्जन घामाघूम होतात. हेपरिन बऱ्याच ठिकाणी कमी देतात. पंप मात्र बाजूला तयार असतो, कारण हृदय डगमगलं तर काही मिनिटांत त्यावर जावं लागतं.

मनमोहन सिंग यांची 2009च्या जानेवारीतली दुसरी बायपास चालत्या हृदयावरच झाली होती, दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईचे हृदयसर्जन रमाकांत पांडा यांच्या चमूकडून.

जाग येणं दोन्हीकडे साधारण सारखंच. आयसीयूत डोळे उघडतात तेव्हा नळी बहुधा घशातच असते, त्यामुळे बोलता येत नाही. हे आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं बरं, माणूस घाबरत नाही.