कुत्र्याचं स्वादुपिंड फसतं तेव्हा

‘यात साखर नाहीये, दे त्याला एक तुकडा.’ लो-कार्ब केक कापला जाणाऱ्या घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. साखर कुत्र्याला वाईट, म्हणून बिनसाखरेचं चांगलं, असा सरळ हिशेब. केकमध्ये झायलिटॉल असेल, तर हा हिशेब कुत्र्याच्या जिवावर बेततो.

झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा, शर्करा-अल्कोहोल गटातला पदार्थ. नावात अल्कोहोल असलं तरी नशेशी त्याचा संबंध नाही. गोडी साखरेइतकीच, उष्मांक जेमतेम ६० टक्के, शिवाय दात किडवत नाही. माणसासाठी सगळं छान.

आता बीटा पेशींकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. स्वादुपिंडातल्या या पेशी रक्तातलं ग्लुकोज आत घेऊन जाळतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला थेट वापरता येणारी ऊर्जा साठवणारा रेणू, तयार होतं. एटीपी वाढलं की पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनने भरलेल्या पुटिका पेशीबाहेर रिकाम्या होतात. म्हणजे बीटा पेशी गोडी चाखत नाही, ती आत जळणारं इंधन मोजते. माणसात झायलिटॉल आतड्यातून सावकाश शोषलं जातं, त्यातलं बरंचसं यकृत पेंटोज फॉस्फेट मार्गाने (साखरेवर प्रक्रिया करायची पेशीतली एक रासायनिक वाट) निकालात काढतं, आणि बीटा पेशी जवळपास स्वस्थ राहतात. कुत्र्यात ते झपाट्याने रक्तात उतरतं आणि तेवढ्याच ग्लुकोजने सुटेल त्याच्या कित्येक पट इन्सुलिन सुटतं. पगार जमा झाल्याचा खोटा मेसेज यावा आणि सगळे हप्ते एकदम कापले जावेत, तशी गत. रक्तात होतं नव्हतं ते ग्लुकोज स्नायू ओढून घेतात, यकृताला साठा सोडायची मनाई होते, सोबत पोटॅशियमही पेशींत ओढलं जातं. मेंदू उपाशी पडतो. उलटी, झोकांड्या, मग झटके. बहुधा तासाभरात, च्युइंगम गिळलं असेल तर कधी कधी १२ तासांनीही.

मात्रा किती? शरीराच्या किलोमागे ०.१ ग्रॅमला साखर कोसळू शकते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होण्याचा धोका. २०० ग्रॅम झायलिटॉलच्या केकचे १६ तुकडे केले तर एका तुकड्यात साडेबारा ग्रॅम. १० किलोच्या कुत्र्याला धोका १ ग्रॅमपासूनच सुरू होतो. ३ किलोच्या पॉमेरियनचा हिशेब तुम्हीच करा.

मग घालायचं काय? कुत्रं असलेल्या घरात माझं मत एरिथ्रिटॉलच्या बाजूने, हाही शर्करा-अल्कोहोलच. त्याचा बराचसा भाग न बदलता लघवीवाटे निघून जातो, कुत्र्यात इन्सुलिनचा हा गोंधळ होत नाही. फार खाल्लं तर पोट बिघडेल. गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, म्हणून चिमूटभर स्टीव्हिया जोडायचा. थंड झाल्यावर एरिथ्रिटॉलचे खडे बनतात, तेव्हा मिक्सरमधून पूड करूनच घाला. केक तपकिरी होत नाही, त्याला इलाज नाही. २०२३ मध्ये एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास गाजला. २०२४ मध्ये त्याच गटाने झायलिटॉलबद्दलही तेच मांडलं. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, पण रोज वाटीभर खायचं कारणही नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दावर मात्र विसंबू नका. झायलिटॉल फळांत, भाज्यांतही असतं आणि ‘बर्च शुगर’ असं गोंडस नाव लावूनही विकलं जातं. स्टीव्हियाच्या पुडीतही भर म्हणून ते असू शकतं. पाकिटामागे आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९६७ शोधा, तो झायलिटॉलचा. एरिथ्रिटॉलचा आकडा ९६८ आहे, एका अंकाचा फरक. पीनट बटरचा डबाही तपासा. आणि मॅकाडेमिया (एक सुकामेवा) किंवा कोको घातलेला केक गोडी कशाचीही असली तरी कुत्र्याला नकोच.

खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचे घरगुती प्रयोग करू नका, मिठाचीच विषबाधा व्हायची. कोळशाची पूडही झायलिटॉलला नीट धरत नाही. लक्षणांची वाट न पाहता पाकीट घेऊन पशुवैद्याकडे निघा. तिथे शिरेतून ग्लुकोज देतात आणि पुढचे काही दिवस यकृताच्या तपासण्या करतात.