प्रार्थना नेमकी कोणावर काम करते?

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये एक खोडसाळ हिशेब मांडला. राजघराण्याला दीर्घायुष्य लाभावं म्हणून देशभरच्या चर्चमधून नेमाने प्रार्थना होते. त्या प्रार्थनेत ताकद असेल, तर राजघराण्यातली माणसं इतरांपेक्षा जास्त जगायला हवीत. गॉल्टनने सुखवस्तू वर्गातल्या निरनिराळ्या गटांची आयुर्मानं काढली. राजघराण्यातल्यांची सरासरी ६४ वर्षांवर अडली होती, यादीत सगळ्यात खाली. धर्मगुरू, वकील, डॉक्टर, सगळे त्यांच्या वर होते.

हिशेब चतुर होता, पण त्यातून सिद्ध फारसं काही होत नव्हतं. राजवाड्यातलं जगणं काही आरोग्याचा आदर्श नव्हे, आणि ‘राजा चिरायू होवो’ असं तोंडदेखलं म्हणणाऱ्यांची वाण तेव्हाही नसावी. मात्र प्रश्न विचारायची गॉल्टनची ढब टिकून राहिली. प्रार्थना एकाने करायची, दुसऱ्यासाठी करायची, आणि त्या दुसऱ्याचं काय झालं ते मोजायचं. पुढची सव्वाशे वर्षं बहुतेक गाजलेले प्रयोग याच वाटेने गेले. मला विचाराल तर प्रश्न तिथेच तिरका झाला.

१९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड या हृदयरोगतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयरोग कक्षात दाखल झालेल्या या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांसाठी रुग्णालयाबाहेरचे भाविक प्रार्थना करत होते. प्रार्थना झालेल्यांची तब्येत काही बाबतीत बरी राहिली, आणि ही बातमी जगभर फिरली. मात्र बर्डने दोन डझनांहून जास्त बाबी तपासल्या होत्या आणि फरक दिसला तो सहांत. इतक्या ठिकाणी जाळं टाकलं की एखाददुसरा मासा योगायोगानेही लागतो. रुग्णालयातला मुक्काम आणि मृत्यू यांत तर फरक नव्हताच.

या वादाचा निकाल लावण्यासाठी जो प्रयोग झाला, तो मात्र भरभक्कम होता. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतले बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितलं, ‘तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही.’ प्रत्यक्षात त्यांतल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी नक्की होणार’ असं सांगून ती केली. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती समूह होते. त्यांच्याकडे रुग्णाचं नाव आणि आडनावाचं फक्त आद्याक्षर जाई. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना चाले. ती आपापल्या पद्धतीने करायची मुभा होती. फक्त शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, रुग्ण लवकर बरा व्हावा आणि गुंतागुंत होऊ नये, एवढे शब्द त्यात घालायचे होते.

२००६ मध्ये निकाल आले. प्रार्थना झालेल्या, पण ते ठाऊक नसलेल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. प्रार्थना न झालेल्या गटात ५१ टक्के. आणि ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे पक्कं माहीत होतं, त्यांच्यात ५९ टक्के.

शेवटच्या आकड्याने सगळेच चक्रावले. ‘माझ्यासाठी खास माणसं बसवलीत, म्हणजे माझं काही खरं नाही,’ अशी धास्ती रुग्णांनी घेतली असेल, असा एक तर्क पुढे आला. हा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. पण त्याहून मोठी अडचण प्रयोगाच्या रचनेतच होती. ज्या गटासाठी ‘प्रार्थना नाही’, त्यातल्या रुग्णांच्या आईने, बायकोने, मुलांनी हात जोडले नसतील का? त्यांना कोण थांबवणार? औषधाच्या चाचणीत अर्ध्या लोकांना गोळी न देणं शक्य असतं. प्रार्थनेचा शून्य डोस कोणत्याच रुग्णालयाला देता येत नाही.

लेनर्ड लायबोविची या इस्रायली डॉक्टरांनी तर या सगळ्याची गंमतच केली. रक्तात जंतुसंसर्ग होऊन १९९० ते १९९६ दरम्यान दाखल झालेल्या ३,३९३ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले आणि २००० साली त्यांतल्या एका गटासाठी प्रार्थना करवली. म्हणजे आजार उलटून चार ते दहा वर्षं झाल्यावर! त्या गटाचा ताप आणि रुग्णालयातला मुक्काम खरोखरच कमी निघाला. हा अभ्यास एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात आला. ज्याची कार्यकारणाची कल्पनाच आपल्याला करता येत नाही, त्याच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, असा त्यामागचा टोला होता. काही वाचकांनी तो निष्कर्ष गंभीरपणे घेतला, ही वेगळीच करमणूक.

गंमत अशी की मोठा प्रयोग करणाऱ्या बेन्सननेच तीस वर्षं आधी जास्त कामाची जागा दाखवून ठेवली होती. एखादा शब्द मनाशी पुन्हा पुन्हा घोळवत शांत बसलं की प्राणवायूचा वापर घटतो, श्वास मंदावतो, हे त्यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं. तिथे मोजमाप होतं ते बसणाऱ्याचंच.

या जागेवर शोध घेतला तर बरंच काही हाती लागतं. इटलीतल्या ल्युचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांकडून दोन गोष्टी म्हणवून घेतल्या: जपमाळेवर म्हटली जाणारी मेरीची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. एरवी ती याच्या दुपटीहून जास्त असते. लॅटिन प्रार्थनेचा पहिला भाग धर्मगुरू म्हणतो, उरलेला जमलेले लोक म्हणतात, आणि एक फेरी साधारण दहा सेकंदांत पुरी होते. आपला भाग एका दमात संपवायचा तर श्वास पुरवून पुरवून सोडावा लागतो. समोरचा म्हणत असताना तो परत भरून घेता येतो. श्वास मोजायला कोणी सांगितलेलं नसतं, शब्दच ते करवून घेतात.

दहा सेकंदांचं महत्त्व असं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत आणि मानेतल्या धमन्यांत रक्तदाबाची चाहूल घेणारे मज्जातंतू असतात. दाब चढला की ते मेंदूला कळवतात, आणि मेंदू व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे हृदयाला आवर घालतो. दाब उतरला की तो आवर सैल होतो. निरोप जायला आणि परिणाम दिसायला वेळ लागत असल्यामुळे या साखळीची स्वतःची एक लय पडते, तीही दहा सेकंदांच्या आसपासची. श्वास त्याच लयीत आला की झोपाळ्याला नेमक्या क्षणी रेटा मिळावा तसं होतं, हेलकावा मोठा होतो. बेर्नार्दींच्या प्रयोगात या साखळीची संवेदनक्षमता ठळकपणे वाढलेली दिसली. हृदयविकाराच्या रुग्णांत ती क्षमता कमी असणं हे चांगलं लक्षण मानत नाहीत, म्हणून या वाढीला अर्थ आहे. आता यात देवाचा भाग किती आणि फुप्फुसांचा किती? यंत्राला दोन्ही प्रार्थनांत फारसा फरक कळला नाही. श्रद्धा न ठेवता कोणी याच गतीने श्वास घेतला, तरी हा परिणाम होतो.

पण सगळंच श्वासावर घालता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये काट्या वीख यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा श्रद्धाळू कॅथलिक होते आणि बारा देव न मानणारे. मेंदूच्या स्कॅनरमध्ये त्यांना झोपवलं. समोर कधी मेरीचं चित्र, कधी लिओनार्दो दा विंचीने रंगवलेल्या एका तरुणीचं. चित्र पाहत असताना हाताला विजेचे दुखरे झटके. मेरीचं चित्र समोर असताना कॅथलिकांना वेदना कमी जाणवली, आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला उजवीकडचा एक पट्टा जास्त चालू झाला. समोरच्या गोष्टीचा अर्थ नव्याने लावून तिची धार कमी करायची, या कामात हा पट्टा भाग घेतो. तरुणीच्या चित्राने असं केलं नाही, आणि देव न मानणाऱ्यांत दोन्ही चित्रांनी काही केलं नाही. झटका तोच होता.

डेन्मार्कमधल्या उफे श्युट यांनी तर मजेशीर तुलना केली. श्रद्धाळूंना त्यांनी ठरीव प्रार्थना म्हणायला सांगितली, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला सांगितलं, आणि सांताक्लॉजकडे मागणं मागायलाही सांगितलं. स्वतःच्या शब्दांतल्या प्रार्थनेच्या वेळी मेंदूचे जे भाग जागे झाले, ते समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा अदमास घेताना वापरले जाणारे होते. सांताच्या वेळी तसं झालं नाही. ऐकणारा खरोखर आहे, असं मेंदूने धरलेलं असतं. एकटेपणात, आजारपणात अशी सोबत काय करू शकते, याची कल्पना करायला स्कॅनर लागत नाही.

आता अवघड प्रश्न. वेदना कमी होते, भीती ओसरते, नाडी संथ होते, पण आजाराचं काय?

इथे थेट प्रार्थनेचा नसलेला, पण अपेक्षेचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या रुग्णांना पाळीपाळीने चार गोष्टी दिल्या: साल्ब्युटामॉलचा खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही. ‘किती बरं वाटलं?’ या प्रश्नाला उत्तरं आली ती अशी: खऱ्या औषधाने ५० टक्के सुधारणा, खोट्या पंपाने ४५, खोट्या सुयांनी ४६, काहीच न देता २१. मग फुंकर मारायला लावून यंत्रावर श्वसनाची ताकद मोजली. खऱ्या औषधाने ती २० टक्क्यांनी वाढली होती. बाकी तिन्हींमध्ये साधारण ७ टक्क्यांनी, म्हणजे काहीच न देता जेवढी वाढली तेवढीच. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांची घुसमट खरोखर हलकी झाली होती. श्वासनलिका मात्र काहीच न देता जेवढ्या मोकळ्या झाल्या, त्याहून जास्त मोकळ्या झाल्या नव्हत्या. दम्याच्या झटक्यात हा फरक जिवावर बेतू शकतो.

मन वेदनेवर चालतं, कारण वेदनेची नाडी मेंदूच्याच हातात असते. अक्कलदाढ काढल्यावर नुसत्या खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना नॅलॉक्सोन हे अफूविरोधी औषध टोचलं की दुखणं परत वाढतं, असं १९७८ मध्ये दिसलं. म्हणजे शरीराने स्वतःच अफूसारखी द्रव्यं सोडली होती. जंतूंना, गाठीला, तुंबलेल्या धमनीला असा सरळ हुकूम मेंदूकडून जात नाही.

दीर्घायुष्याचं म्हणाल, तर एक मोठी पाहणी श्रद्धेच्या बाजूने उभी आहे. अमेरिकेतल्या ७४,५३४ परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींत, आठवड्यातून एकदाहून अधिक वेळा धार्मिक सभेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. धडधाकट बाईच सभेला जाऊ शकते, हा आक्षेप संशोधकांनी लक्षात घेतला होता; आधीची तब्येत हिशेबात धरूनही फरक उरला. त्यातला काही वाटा माणसांच्या आधाराचा, काही कमी धूम्रपानाचा, काही कमी नैराश्याचा. घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेबाबत असा ठळक संबंध सहसा दिसत नाही. एक तर आजार बळावला की प्रार्थनाही वाढते, त्यामुळे आकडे गुंततात. दुसरं, दर आठवड्याला भेटणारी माणसं तुम्ही दिसला नाहीत तर चौकशी करतात.

श्रद्धेची दुसरी बाजूही मोजली गेली आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात, पालकांनी फक्त प्रार्थनेवर भिस्त ठेवून डॉक्टरांकडे न नेल्यामुळे दगावलेल्या १७२ मुलांच्या नोंदी दोन संशोधकांनी तपासल्या. त्यांतली १४० मुलं अशा आजारांनी गेली होती, ज्यांत उपचार मिळाले तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असते. यावर भाष्याची गरज नाही.

याहून गुंतागुंतीचं निरीक्षण केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांचं आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या ५५ वर्षांवरच्या ५९६ जणांचा त्यांच्या गटाने दोन वर्षं मागोवा घेतला. देवाने मला टाकलं की काय, त्याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही, हे सैतानाचं काम आहे, असं ज्यांच्या मनाने घेतलं होतं, त्यांचा मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. ज्या श्रद्धेने आधार द्यायचा, तीच आजाराला शिक्षेचं रूप देते तेव्हा असं होत असावं. ‘तुझी श्रद्धाच कमी पडली’ असं रुग्णाला ऐकवणारे हितचिंतक यात भरच घालतात.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातही श्रद्धेची ही दुसरी बाजू दिसते. बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांच्या २००९ मधल्या अभ्यासात, धर्माचा आधार जास्त घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के शेवटच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्रावर होते, कमी घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के. चमत्काराची वाट पाहणारा माणूस यंत्र काढू देत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. रुग्णाशी त्याच्या श्रद्धेबद्दल कोणी आधी बोललं असेल, तर हा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात घाईघाईने घ्यावा लागत नाही. यासाठी क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी १९९० च्या दशकात एक छोटी प्रश्नावली तयार केली. तुम्ही कशावर श्रद्धा ठेवता, आजारपणात ती तुम्हाला किती महत्त्वाची वाटते, तुमच्यामागे कोणती माणसं आहेत, आणि उपचार करताना आम्ही याची दखल कशी घ्यावी, असे चारच विषय त्यात आहेत. तपासताना एवढं विचारायला डॉक्टरला काही मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी तो स्वतः श्रद्धाळू असावा लागत नाही.