डीसी मोटर ड्रायव्हर चिपची करंट लिमिट

मोटरला जास्तीत जास्त किती अँपिअर ओढू द्यायचे, याची ड्रायव्हर चिपवर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला करंट पुरवणारी चिप) घातलेली मर्यादा म्हणजे करंट लिमिट. कोल्हापुरात प्रोजेक्ट करणारी पोरं बहुतेक मोटरच्या लेबलवरचा आकडा बघून चिप घेतात आणि तिथंच घोळ होतो, कारण तो आकडा चालत्या मोटरचा असतो, सुरू होताना किंवा अडकल्यावर ती जे ओढते ते कितीतरी पट जास्त.

ह्याला स्टॉल करंट म्हणतात. फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते म्हणून करंट आटोक्यात राहतो, थांबली की ते शून्य, मग अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स. आमच्या गुऱ्हाळाच्या मॉडेलमध्ये घाण्याला १२ व्होल्टची मोटर होती, लेबलवर ०.८ अँपिअर. मल्टिमीटर लावला (शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोजायचं, ब्रशमुळं रीडिंग बदलतं) तर २.४ ओहम, म्हणजे स्टॉलला ५ अँपिअर! पण हे मोजलं कधी, तर घाण्यात उसाचं कांडं अडकून एल२९८एन ही ड्रायव्हर चिप वास सोडून गेल्यावर. ती चिप चॅनेलला (एका मोटरच्या जोडणीला) २ अँपिअरची, स्वतःहून करंट अडवत नाही, शिवाय २ अँपिअरला तिच्यातच ४.९ व्होल्टपर्यंत खातात, म्हणजे जवळपास १० वॅट नुसती उष्णता. ती ज्या लाल बोर्डावर मिळते त्यावरचं हीटसिंक उगाच नाही.

डेटाशीटच्या (चिपच्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा पीकचा, म्हणजे क्षणभराचा असतो, सतत किती चालेल ते आत शोधावं लागतं आणि तेसुद्धा पीसीबीवर तांबं किती आहे त्यावर ठरतं.

लिमिट घालायची पद्धत चिपगणिक वेगळी. डीआरव्ही८८३३ मध्ये सेन्स रेझिस्टर (मोटरच्या करंटच्या वाटेत घातलेला छोटा रेझिस्टर), त्याच्यावर ०.२ व्होल्ट आले की ती करंट कापते. डीआरव्ही८८७१ मध्ये ६४ भागिले रेझिस्टरचे किलोओहम म्हणजे अँपिअर, ३३ किलोओहमला साधारण १.९४. ऊस दाबताना आमची मोटर १.६ घेत होती म्हणून हेच बसवलं. अजून खाली आणलं तर चिप खूष, पण टॉर्क (फिरवायचा जोर) करंटच्या प्रमाणात असतो, त्यामुळं भरल्या घाण्याला मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. मग मोठी चिप घेणं आलंच.

चालत्या मोटरला एकदम रिव्हर्स मारला तर सप्लाय आणि ते उलटं व्होल्टेज एकत्र येतात आणि करंट स्टॉलच्या दुपटीजवळ जाऊ बघतो. लिमिट असेल तर इथंच कामाला येते. पण लिमिट घातली म्हणून अडकलेली मोटर तशीच चालू सोडायची नाही भावा, १.९४ अँपिअरलासुद्धा वाइंडिंगमध्ये ९ वॅट तापतात, आम्ही कोडमध्ये दोन सेकंदांनी बंद करून थोडा रिव्हर्स टाकला, कांडं आपोआप मागं येतं.