मोटारसायकल दुरुस्ती शिकायचीय? आधी वर्कशॉप बघा, मग अर्ज भरा

दहावीचा निकाल लागला की पोरं विचारायला येतात, तेव्हा काहींनी आधीच कुठंतरी पैसे भरलेले असतात. ‘सरकारमान्य’ अशी पाटी बघून. मान्यता नुसत्या संस्थेला नसते, ट्रेडला, म्हणजे त्या-त्या अभ्यासक्रमाला असते. एकाच आयटीआयत फिटरला एनसीव्हीटीची (व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता असते आणि टू-व्हीलरला नसते, असं होऊ शकतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत अप्रेंटिसला उभं राहायचं असेल तर बहुतेकदा त्याच मान्यतेचं प्रमाणपत्र विचारतात. म्हणून पावती फाडायच्या आधी ट्रेडचं नाव घेऊन विचारा, आणि लेखी दाखवा म्हणा.

मग वर्कशॉप बघायला जा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच; आता फ्युएल इंजेक्शन, सेन्सर. मी एका ठिकाणी पाहिलं, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर कपाटात होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तिथली पोरं वर्षभर जुना कार्ब्युरेटर खोलत-बसवत होती. संस्थेत इंजिन चालू करून दाखवा म्हणायला लाजू नका.

आयटीआयचा अर्ज ऑनलाइनच. टू-थ्री व्हीलर मेकॅनिक एक वर्षाचा, मोटर व्हेइकल मेकॅनिक दोन वर्षांचा. वय किमान 14.

अर्ज भरून फी भरली की झालं, असं समजून पोरं घरी बसतात. झालेलं नसतं. मूळ कागद घेऊन आयटीआयत अर्ज निश्चित करावा लागतो, आणि विकल्पही, म्हणजे कुठल्या आयटीआयत कुठला ट्रेड हवा ते पसंतीच्या क्रमानं, भरावे लागतात. पहिला विकल्प विचार करूनच टाका. तोच लागला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती जातीच्या दाखल्यात आणि नॉन-क्रिमीलेअरमध्ये. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडं मराठवाड्यात आजोबा शाळेत गेलेलेच नसतात, आणि निजामकाळातली नोंद सापडली तरी ती उर्दूत. ती शोधून वाचून घेण्यात महिने जातात आणि कार्यालय मात्र ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतं. पोराची काय चूक? म्हणून हे काम दहावीच्या दिवाळीतच काढा. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीखही वाचा: 31 मार्चला मुदत संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही.

नावाचंही तसंच. गुणपत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘ज्ञानोबा’. अर्जात गुणपत्रिकेवरचं नाव टाका आणि आधार आत्ताच दुरुस्त करा, नाहीतर पुढं शिष्यवृत्ती अडकते.

कमी दिवसांत शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणही. पण तिथं वय 18 पूर्ण लागतं. सोळाव्या वर्षी दहावी झालेला पोरगा तिथून परत येतो, तोवर आयटीआयची तारीख गेलेली असते. त्यानं आधी आयटीआयचाच अर्ज भरावा.