परार्ध

परार्ध : भारतीय दशगुणोत्तर गणनेतील शेवटच्या स्थानाची संज्ञा, तसेच ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा अर्धा भाग. शब्द एक, पण त्याने दाखविल्या जाणाऱ्या संख्या तीन असल्यामुळे त्यांची सरमिसळ वारंवार होते.

वाजसनेयी संहितेत (१७.२) यज्ञवेदीच्या विटा गाई होवोत अशी प्रार्थना आहे. तीत एक, दश, शत अशी चढती नावे येऊन परार्ध तेराव्या स्थानी येतो, म्हणजे १ वर १२ शून्ये. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) तो अठराव्या स्थानी, १ वर १७ शून्ये, वैदिक परार्ध तेथे महापद्म ठरतो. मधल्या काळात लक्ष, कोटी, खर्व इ. नावे रुळली. मात्र वैदिक यादीचे शेपूट समुद्र, मध्य, अंत, परार्ध असे आहे आणि लीलावतीतले जलधी, अंत्य, मध्य, परार्ध असे. जलधी म्हणजे समुद्रच. तेव्हा ही चार नावे एकगठ्ठा पाच स्थाने पुढे सरकलेली दिसतात. ‘अंत्या’नंतर ‘मध्य’ येणे विचित्र आहे. वृत्ताच्या सोयीसाठी तसे झाले असावे. पण त्यांच्या आधीचा गणिती श्रीधर याच्या यादीतही हाच क्रम आढळतो, त्यामुळे दोष भास्कराचार्यांकडे जात नाही.

विष्णुपुराणात ब्रह्मदेवाच्या शंभर वर्षांना ‘पर’ म्हटले असून त्याचे अर्ध तो परार्ध अशी फोड केली आहे. ही व्युत्पत्ती मागाहून बसविलेली वाटते. ‘पलीकडची बाजू’ हा अर्थ वैदिक प्रयोगाला अधिक जुळतो. याच पुराणात अन्यत्र परार्ध अठराव्या स्थानीही सांगितला आहे.

कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा आणि रात्रही तेवढीच धरल्यास पौराणिक परार्ध १५,५५,२०,००,००,००,००० वर्षांचा होतो. त्याचे मूळ अवयव फक्त २, ३ आणि ५. ते अनुक्रमे १६, ५ व १० वेळा येतात. त्यामुळे त्याला १,१२२ विभाजक आहेत. तीनच्या पाच अवयवांपैकी तीन कल्पातून आणि दोन ३६० दिवसांच्या वर्षातून आलेले आहेत. लीलावतीतील परार्धाला ३२४ विभाजक असून तो पूर्ण वर्गही नाही, पूर्ण घनही नाही. वैदिक परार्ध मात्र दोन्ही आहे (१० लाखांचा वर्ग, १० हजारांचा घन). दहाच्या कोणत्याही घाताला ३ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून पौराणिक परार्धाची कितीही पट केली तरी दशगुणोत्तर परार्ध मिळत नाही.

स्थानांना नावे देणे वेगळे आणि ती अंकांनी लिहिणे वेगळे. दुसऱ्याचा प्रसिद्ध पुरावा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेवरील, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात आहे. विक्रम संवत् ९३३ (इ. स. ८७६) च्या तेथील लेखात फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद असल्याची नोंद आहे, आणि रोज ५० हार देण्याचीही. २७० व ५० यांतले शून्य लहान वर्तुळाचे, आजच्या वाचकालाही सहज ओळखू येणारे आहे. (कंबोडियातील शक ६०५ चा, म्हणजे इ. स. ६८३ चा लेख याहून जुना. तेथे शून्य टिंबाने दाखविले आहे.) चतुर्भुज लेखातील एकही संख्या चार अंकी नाही, परंतु याच रीतीने १ वर १७ शून्ये मांडली की नावाची गरज उरत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत गणपती बसविताना गुरुजी संकल्पात ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे’ (ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धात) म्हणतात तो अर्थातच पौराणिक. पळीतले पाणी ताम्हणात सोडेपर्यंत कल्प, मन्वंतर, युग असे उतरत काळ त्या दिवसाच्या तिथीवर येतो. मराठी घरात वर्ष शालिवाहन शकाचे सांगतात, शेजारच्या हिंदी भाषक घरात विक्रम संवताचे. परार्ध दोन्हीकडे दुसराच.